वर्गातली ओल येते कुठून? (एपिसोडचा लिखित भाग)

हा एपिसोड मी ताईच्या गावी, तिच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. त्यामुळे ऑडिओ ऐकणाऱ्यांना मागे पत्र्यावर पावसाचा ताशा ऐकू येईल. काढायचा प्रयत्न केला, निघाला नाही. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा आजचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहून काढलंय. बोलताना दोन ठिकाणी आकडे चुकले होते, ते इथे दुरुस्त केलेत.

तर झालं असं. मागच्या वर्षी जुलैमध्ये ताईची व्हॉइस नोट आली. "अरे, हिला परत खोकला सुरू झालाय. रात्री छाती वाजते. डॉक्टर म्हणतात ॲलर्जीचं आहे. ही म्हणते वर्गात वास येतो. तुझी ती यंत्रंबिंत्रं आहेत ना, ती घेऊन एकदा येऊन जा."

ही म्हणजे माझी भाची, तेव्हा चौथीत. रत्नागिरी जिल्ह्यातलं गाव, गावातलीच शाळा. शाळेचं नाव मी घेणार नाहीये, का ते पुढे कळेलच. भाचीला फोनवर विचारलं, वास कसला गं? तर म्हणाली, "मामा, ओल्या मोज्यांचा."

आता माझ्याकडे कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर होता, कोविडच्या काळात हौसेनं घेतलेला. शिवाय एक दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा डबा. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला तज्ज्ञ समजून निघालो.

पहिली चूक तिथेच केली. मी गेलो रविवारी. सरांनी चावी दिली, वर्ग उघडला, मीटर टेबलावर ठेवला. आकडा आला ४४०. बाहेरच्या मोकळ्या हवेत हल्ली साधारण ४२०-४३० पीपीएम असतो, म्हणजे दहा लाख भाग हवेत तेवढे भाग कार्बन डायऑक्साइड. मी ताईला सांगून टाकलं, "हवा एकदम चांगली आहे गं, काही नाही." ताई म्हणाली, "वर्गात कोण होतं?" कोणीच नव्हतं. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. रिकाम्या वर्गाची हवा मोजणं म्हणजे रिकाम्या एसटीत बसून गर्दीचा अंदाज घेण्यासारखं आहे. तो कार्बन डायऑक्साइड येतो माणसांच्या श्वासातून. माणसंच नाहीत तर मोजताय काय?

म्हणून मंगळवारी परत गेलो, भरल्या वर्गात. पण त्याआधी रात्री यंत्रं तपासली. हे तुम्हीही करू शकता म्हणून नीट सांगतो. आर्द्रतेच्या डब्यासाठी मिठाची युक्ती आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यावर पाण्याचे काही थेंब टाकायचे. मीठ ओलं चिखलासारखं व्हायला हवं, पूर्ण विरघळता कामा नये. ते झाकण आणि तो डबा एका झिप लॉकच्या पिशवीत बंद करून आठ-दहा तास ठेवायचं. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर येऊन थांबते, हा मिठाचा गुणच आहे. माझा डबा सकाळी ८१ दाखवत होता. म्हणजे सहा टक्के थापा मारत होता. त्यानंतर मी त्याच्या प्रत्येक आकड्यातून सहा वजा करत गेलो.

कार्बन डायऑक्साइडच्या मीटरचं सोपं आहे. तो बाहेर, झाडांपासून आणि आपल्या तोंडापासून लांब ठेवायचा आणि सव्वाचारशे-साडेचारशेच्या आसपास येतो का बघायचं. मात्र घेताना सांभाळा. ऑनलाइन जे एकदम स्वस्त मीटर मिळतात, त्यातले बरेच कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ते हवेतले दुसरे वायू हुंगून अंदाज मारतात. जवळ अत्तर लावलेलं कोणी आलं की आकडा उडी मारतो. तपशिलात एनडीआयआर असं लिहिलेलं असेल तर तो प्रकाशाच्या साहाय्यानं खरंच मोजणारा सेन्सर.

मंगळवार. धो धो पाऊस. चौथीचा वर्ग नवीन खोलीत भरतो. नवीन म्हणजे स्लॅबची, चिऱ्याच्या भिंतींची, गिलावा केलेली. पश्चिमेला दोन खिडक्या, पूर्वेला व्हरांड्यात उघडणारं दार. कोकणात पाऊस कुठून येतो हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. पश्चिमेची झड थेट खिडकीतून पहिल्या दोन रांगांवर. त्यामुळे जूनपासून त्या खिडक्या बंद. आणि दार वाऱ्यानं आपटतं म्हणून अर्धं लोटून दगड लावलेला.

बाईंनी मला शेवटच्या बाकावर बसायला दिलं. मी मीटर मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, पण कोणाच्या थेट नाकासमोर येणार नाही असा ठेवला. छत्तीस मुलं. सकाळी अकराला आकडा ५२०. साडेअकराला १४५०. अकरा चाळीसला १९००. मधल्या सुट्टीच्या जरा आधी तो २१०० च्या पुढे गेला होता आणि मला स्वतःला जांभया येत होत्या. (मुलांना येत नव्हत्या, त्यांना सवय असावी. किंवा माझ्या बॅगेत काय आहे याचीच उत्सुकता जास्त होती.)

हा २१०० चा आकडा ऐकून घाबरू नका. २१०० पीपीएमनं कोणाला विषबाधा होत नाही. आपण सोडतो त्या श्वासात तो चाळीस हजाराच्या आसपास असतो. मग मोजायचा कशाला? तर १८५८ साली म्युनिकमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर नावाच्या शास्त्रज्ञानं हाच विचार मांडला होता. खोलीतल्या माणसांच्या श्वासातून, अंगातून जे काही हवेत मिसळतं ते सगळं मोजणं कठीण. पण त्याच्याबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोच, आणि तो मोजता येतो. म्हणून तो खूण म्हणून वापरा. त्यानं मर्यादा सुचवली होती हजारात एक, म्हणजे १००० पीपीएम. आजही जगभर लोक ढोबळमानानं हाच आकडा धरतात. हाच गृहस्थ पुढे १८९२ साली कॉलराचे जंतू असलेलं द्रावण स्वतः प्यायला, जंतूंनी एकट्यानं कॉलरा होत नाही हे दाखवायला. त्या बाबतीत तो चुकला होता, पण मेला नाही. हवेच्या बाबतीत मात्र तो बरोबर होता.

सोप्या भाषेत, २१०० म्हणजे वर्गात जी हवा आहे त्यातला काही भाग आधी कोणाच्या तरी फुप्फुसात जाऊन आलेला आहे. एकाला सर्दी असेल तर ती वाटून घ्यायची सोय चांगली.

मग मी शेजारच्या जुन्या खोलीत गेलो, तिसरीच्या वर्गात. मंगलोरी कौलं, गळकी, दोन ठिकाणी खाली बादल्या. एकतीस मुलं. खिडक्या तिथेही बंद. मला वाटलं इथे तर कहर असेल. आकडा आला ७६०! अर्धा तास बसलो, ८०० च्या वर गेला नाही.

का? तर कौलांच्या फटी. मुलांच्या अंगाची ऊब लागून हवा वर चढते आणि कौलांमधून निघून जाते, खालून दाराच्या फटीतून नवी येते. जुन्या माणसांनी हे ठरवून केलं असेल-नसेल, पण ती खोली श्वास घेते. नव्या खोलीत स्लॅब पडला, गिलावा झाला, वरचे झरोके कोणी ठेवलेच नाहीत. कौलं शाकारायची कटकट गेली हे खरंय, त्यात चूक काही नाही. फक्त त्या कटकटीबरोबर हवाही गेली.

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी बघितली. सर म्हणाले, "पंखे आहेत की दोन." पंखे लावले. आकडा जागचा हलला नाही. छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. चहात चमचा फिरवून चहा कमी होत नाही, तसं.

इथपर्यंत मला वाटत होतं की आपल्याला उत्तर सापडलं. खिडक्या उघडा, प्रश्न मिटला. पण भाचीची तक्रार वासाची होती. कोंडलेल्या हवेला माणसांचा वास येतो, ओल्या मोज्यांचा नाही. तो वास येत होता उत्तरेच्या भिंतीकडून.

त्या भिंतीला जमिनीपासून कमरेपर्यंत रंगाचे पोपडे आलेले. खाली मिठासारखी पांढरी खार फुटलेली. वर काळपट ठिपके. सरांना विचारलं तर म्हणाले, "दर मे महिन्यात रंग काढतो आम्ही. गेल्या वर्षी तर ऑइल पेंट मारला, महागातला. जुलै आला की परत तेच. मुलं ओले रेनकोट तिथे टांगतात ना, त्यानं होतं."

पटण्यासारखं होतं. बसलेला मोठा माणूस तासाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी श्वास आणि घामावाटे हवेत सोडतो. मुलं थोडं कमी सोडतील, तरी छत्तीस मुलांचं मिळून तासाला लिटरभराच्या आसपास होतं. वर रेनकोटांचं पाणी वेगळं. पण मग चारही भिंतींना व्हायला हवं. एकाच भिंतीला का?

आता मी जे केलं त्याला फुटकी कवडी लागत नाही, आणि महागड्या यंत्रापेक्षा त्यानंच जास्त कळलं. पेन्सिल घेतली आणि ओल जिथपर्यंत आली होती तिथे भिंतीवर रेघ ओढली, बाजूला तारीख लिहिली. बाईंना सांगितलं, रोज सकाळी मुलांकडून अशी रेघ काढून घ्या आणि फोटो काढून मला पाठवा. मुलांना काय, भिंतीवर लिहायची अधिकृत परवानगी! आठ दिवसांत भिंतीवर नकाशा तयार झाला. आणि त्या नकाशात दोन गोष्टी स्पष्ट दिसत होत्या. एक, ओल भिंतभर सारखी नव्हती. एका कोपऱ्यात डोंगरासारखी उंच, आणि लांब जावं तशी उतरत गेलेली. दोन, जोराचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रेघ वर. दोन दिवस उघडीप मिळाली की जागच्या जागी.

रेनकोटामुळे असतं तर रेघ मुलांच्या हजेरीबरोबर वरखाली झाली असती. ती पावसाबरोबर होत होती. रविवारीही.

खात्री म्हणून अजून एक केलं. पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद हातभर घेऊन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावला. दोन दिवसांनी काढून बघायचं. खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी खोलीच्या हवेतून येतंय. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतीतून येतंय. काढला तर मागची बाजू ओलीचिंब, पुढची कोरडी. (ओल्या भिंतीवर चिकटपट्टी टिकत नाही, दोनदा पडली. आसपासचा कोरडा भाग पुसून मग लावा.)

मग आला सगळ्यात उपयोगाचा भाग. छत्री घेतली आणि भर पावसात शाळेला बाहेरून फेरी मारली. सर व्हरांड्यातून ओरडत होते, "अहो, भिजाल!" ओल शोधायची तर ती पावसातच शोधायला हवी. मे महिन्यात रंगारी येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं, त्याला काय दिसणार?

त्या कोपऱ्यावर, बाहेरच्या बाजूला, स्लॅबचं पाणी खाली आणणारा पाइप होता. त्याचा खालचा कोन निसटलेला. सगळ्या स्लॅबचं पाणी गटारात जायच्या ऐवजी थेट भिंतीच्या पायाशी धबधब्यासारखं पडत होतं. आणि त्यावर कळस म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले होते. ते बसवताना भराव टाकून अंगण एवढं उंच केलं की शाळेचं जोतं जवळपास गाडलं गेलं. शिवाय उतार भिंतीकडे. म्हणजे पाइपचं पाणी पळून जायलाही जागा नाही. ते तिथेच तुंबतं आणि चिरा ते पितो. जांभ्याचा चिरा तुम्ही हातात घेतला असेल तर माहीत असेल, नुसता भोकाभोकांचा. बाहेरून गिलावा तडकलेला असेल तर तो स्पंजासारखं पाणी ओढतो. आत ऑइल पेंट मारला की पाण्याला बाहेर पडायची वाटच राहत नाही, ते रंगालाच ढकलून पोपडे काढतं. म्हणजे दरवर्षीचा महागडा रंग आजारावरचं औषध नव्हता, उलट पथ्य मोडणं होतं.

तर वर्गात दोन वेगवेगळे रोग होते, आणि आम्ही सगळे ते एकच समजत होतो. कोंडलेली हवा हा एक. बाहेरून झिरपणारं पाणी हा दुसरा. खिडक्या उघडून भिंत वाळणार नव्हती, कारण कोकणात जुलैमध्ये बाहेरच्याच हवेत ९० टक्के आर्द्रता असते. आणि पाइप दुरुस्त करून २१०० चा आकडा उतरणार नव्हता. इंटरनेटवर तुम्ही वाचाल की घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, बुरशी होणार नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा तो सल्ला त्यांच्या हवामानात ठीकच आहे. आपल्याकडे किनाऱ्यावर पावसाळ्यात एसीशिवाय ते जमणं अवघड आहे. आपल्या हातात एवढंच असतं की भिंतीत, कपाटात, सतरंजीत पाणी मुरू द्यायचं नाही. त्यांचाच दुसरा सल्ला मात्र इथेही लागू पडतो. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

सतरंजीवरून आठवलं. त्याच भिंतीला लागून एक लोखंडी कपाट होतं. चौघांनी मिळून ते पुढे ओढलं आणि मागे जे दिसलं ते बघून बाई दोन पावलं मागे सरल्या. गुंडाळून ठेवलेली सतरंजी, जुने तक्ते, थर्माकोलचे देखावे, सगळ्यावर हिरवी-काळी लव. भाचीचा बाक त्या कपाटापासून दीड हातावर.

मी तेव्हा काय केलं? खरं सांगतो. व्हिडिओ काढला. कपाटामागची बुरशी, मीटरवरचा २१०० चा आकडा, झूम करून. संध्याकाळी ताईच्या घरी बसून रील तयारही केलं. मथळा होता, "या शाळेत मुलं काय श्वासात घेतायत बघा!" मला माहीत होतं की ते चालणार.

रात्री जेवताना भावोजींना दाखवलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "शाळेचा पट किती आहे माहितीये?" मला माहीत नव्हतं. दरवर्षी चार-पाच मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात, गाडी दारात येते. पट अजून घसरला तर एक शिक्षक कमी होणार. हे रील फिरलं तर अजून दहा जण जातील. ज्यांना गाडीची फी परवडत नाही ती मुलं इथेच राहतील, त्याच भिंतीपाशी, एक शिक्षक कमी घेऊन.

मी रील डिलीट केलं नाही, पण टाकलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तुम्ही हे टाकणार?" मी म्हटलं, "नाही सर. पण पाइपचं बघू या का?" ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तीन वर्षं रंगाचीच बिलं काढतोय हो. बाहेरून कधी बघितलंच नाही."

आता आजाराविषयी. मी डॉक्टर नाही. त्या भिंतीमुळेच भाचीची छाती वाजत होती असं मी म्हणणार नाही, ते सिद्ध करणं माझ्या मीटरच्या बाहेरचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात ओलसर जागेत राहणाऱ्यांमध्ये खोकला, छाती वाजणं, दमा बळावणं हे जास्त दिसतं असं स्पष्ट म्हटलंय. पण हवेत अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा त्यांनी दिलेला नाही. त्यांचं म्हणणं, ओलच होऊ देऊ नका, झाली तर दूर करा. म्हणून ते काचेच्या बशीत बुरशी उगवून दाखवणारे किट विकत घेऊ नका. बुरशीचे बीजाणू सगळीकडे असतात, बशीत काहीतरी उगवणारच. कपाटामागे डोळ्यांना दिसतेय, नाकाला कळतेय, मग अजून कसली चाचणी?

आणि "मुलांच्या रेनकोटामुळे होतं" हे वाक्य मी पुन्हा आठवून देतो, कारण हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथे २०२० साली अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरात बुरशी होती, आईवडील तक्रारी करत होते, आणि त्यांना त्यांच्या राहणीलाच दोष दिला गेला. २०२२ मध्ये चौकशीत निष्पन्न झालं की घरातल्या बुरशीमुळेच तो गेला. त्यानंतर २०२३ मध्ये तिथे त्याच्या नावानं ओळखला जाणारा कायदा झाला. आमच्या शाळेची तुलना मी त्याच्याशी करत नाहीये. पण ओल दिसली की आधी राहणाऱ्याकडे बोट जातं, पाइपकडे नंतर.

ताईचीही एक गोष्ट सांगायला हवी, तिची परवानगी घेतलीय. मित्राकडून मी धूलिकण मोजायचं यंत्र आणलं होतं, पीएम २.५ वालं. शाळेत ते पावसामुळे तीस-पस्तीसच दाखवत होतं. रात्री ताईकडे, भाची झोपते त्या खोलीत, दारंखिडक्या बंद करून डासांची कॉइल लावलेली. आकडा चारशेच्या वर! ताई माझ्यावर चिडली. "शाळेचं सोडून तू आता माझ्याच घरात शिरलास?" दोन दिवस नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मच्छरदाणी बाहेर आली.

शाळेचं पुढे काय झालं? सरांनी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक लावली. ही समिती म्हणजे नुसता कागद नाही हं. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेची इमारत सर्व ऋतूंत वापरता येईल अशी हवी असंही लिहिलंय. मी हे वाचून दाखवलं तेव्हा मागून एक आजोबा म्हणाले, "म्हणजे पावसाळा पण ऋतूच ना?" सगळे हसले आणि बैठक सोपी झाली.

पाइपचा कोन आणि दोन क्लॅम्प, एका पालकानं त्याच आठवड्यात बसवले. सातशे रुपये. गणपतीच्या सुट्टीत मुंबईकर गावात होते, तेव्हा भिंतीलगतचे दोन रांगा ब्लॉक उचलून चर खणला, जोतं मोकळं केलं, पाणी लांब जाईल असा उतार दिला. पश्चिमेच्या खिडक्यांवर पत्र्याची पडवी काढली, म्हणजे झड आली तरी खिडकी उघडी राहू शकते. वर्गणी पुरली नाही, सरांनी स्वतःचे घातले, किती ते सांगितलं नाही. वर एक एक्झॉस्ट पंखा बसवायचा होता, तो दिवाळीनंतर बसला.

साफसफाई मुलं नसताना केली. मास्क लावून, साबणाच्या पाण्यानं ओलं घासून. कोरड्या कुंच्यानं कधीच झाडू नका, सगळे बीजाणू हवेत उडतात. सतरंजी, थर्माकोल, तक्ते टाकून दिले, असल्या वस्तूंतून बुरशी निघत नाही. आणि एक जण ब्लिचिंग पावडरमध्ये संडास साफ करायचं ॲसिड मिसळायला निघाला होता, "दोन्ही मारलं की मुळापासून जाईल" म्हणून. त्याला धावत जाऊन थांबवलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत जीव जाऊ शकतो. हे लक्षात ठेवा, घरीसुद्धा.

रंग मात्र मे महिन्यात मारला नाही. सरांना ते जड गेलं, उघडी भिंत बरी दिसत नाही म्हणाले. पण पोपडे खरवडून भिंत तशीच ठेवली, कारण एवढं पाणी प्यायलेला चिरा वाळायला महिने लागतात. रंग कधी तर पुढच्या उन्हाळ्यात, आणि तोही भिंतीला श्वास घेऊ देणारा, चुन्याचा.

या आठवड्यात मी परत आलोय. भाची आता पाचवीत, पण चौथीच्या भिंतीवर रेघा काढायचं काम अजून तिच्याकडे आहे, कोणाला देत नाही. काल खिडक्या उघड्या ठेवून मोजलं, तेहतीस मुलं, आकडा ९५० ला टेकला. पंखा बंद केला की बाराशेच्या पुढे जातो, आणि आवाज होतो म्हणून बाई तो अधूनमधून बंद करतात. भाचीचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. पंप डॉक्टरांनी चालू ठेवलाय. त्या कोपऱ्यात या वर्षीची सर्वांत वरची रेघ १२ जुलैची आहे, गुडघ्याच्या जरा खाली. मागच्या वर्षी ती कमरेला होती.